वाढ कशाची, भर कशाची?

विचारणा अशी: “2023 साली जगात पवनऊर्जेची 50 टक्के वाढ झाली असं एकीकडे वाचलं, दुसरीकडे 13 टक्के. खरं कुठलं? आणि ‘वाढ’ म्हणावं की ‘वृद्धी’?”

आकडे दोन्ही खरे, वाक्यं दोन्ही लंगडी. 2022 साली जगभरात जवळपास 78 गिगावॉट क्षमतेच्या नव्या पवनचक्क्या लागल्या, 2023 साली 117. एकूण क्षमता 906 गिगावॉटवरून 1,020च्या घरात गेली. पहिल्या जोडीतून 50 टक्के निघतात, दुसरीतून 13. मराठीला यासाठी दोन शब्द केव्हापासून ठाऊक आहेत. वर्षभरात नवी पडते ती ‘भर’, आणि तिच्यामुळे मुद्दलात होते ती ‘वाढ’. भर दीडपट पडली, वाढ 13 टक्के झाली. इतकं सरळ लिहायला बातमीदारांना काय होतं कोण जाणे!

भर आणि वाढ यांची गल्लत झाली की काय होतं ते आपल्याकडेच पाहा. 2016-17 मध्ये भारतात साडेपाच हजार मेगावॉटची, म्हणजे साडेपाच गिगावॉटची, विक्रमी भर पडली. पुढच्या वर्षी ती दोन हजारांच्याही खाली आली, कारण निर्माण केलेल्या विजेवर मिळणारं प्रोत्साहन संपलं, यंत्रांच्या झिजेपोटी करात मिळणारी घसाऱ्याची सवलत 80 टक्क्यांवरून 40 वर आली आणि वीजखरेदीच्या ठरलेल्या दराऐवजी लिलाव सुरू झाले. याला ‘पवनऊर्जेत मोठी घट’ म्हणायचं? साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या काही कुणी उपटून नेल्या नव्हत्या. देशाची एकूण क्षमता त्या वर्षीही 32 हजारांवरून 34 हजार मेगावॉटवर गेलीच. घटली ती भर.

उलट्या बाजूची गंमत 2024ची. जगात भर पुन्हा 117 गिगावॉटचीच, पण वाढीचा दर 13वरून 11 टक्क्यांवर आला. ‘वेग मंदावला’ म्हणणाऱ्यांनी शाळेतलं द.सा.द.शे. आठवावं. दरसाल ठीक, पण दरशेकडा म्हणताना शेकडा कुठल्या मुद्दलावर? मुद्दल फुगलं की तीच भर टक्क्यांत बारीक दिसते. आणि क्षमता म्हणजे वीज नव्हे, हेही सांगावं लागतं. अमेरिकेत 2023 साली सहा गिगावॉटची भर पडूनही वाऱ्याची वीज 2 टक्क्यांनी घटली. त्या वर्षी वाराच कमी वाहिला.

आता ‘वृद्धी’. ‘वृद्धी’ आणि ‘वाढ’ एकाच धातूची लेकरं, त्यामुळे भांडण नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्याजालाच वृद्धी म्हटलंय, चक्रवृद्धीसकट. पण बोलण्यात ‘वाढ’ असताना बातमीत ‘वृद्धी’ला सोवळं नेसवून बसवायची गरज नाही. खरी मजा आहे ती ‘वाढ’च्या दुसऱ्या कुळात.

आपण नारळ ‘वाढवतो’, बांगड्या ‘वाढवतो’. जाणकार सांगतात, फोडणं अशुभ म्हणून उलटा शुभ शब्द वापरला. कानाला गोड लागणारं, पण आळशी उत्तर. संस्कृतात ‘वृध्’ वेगळा आणि ‘वर्ध्’ वेगळा. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, या दुसऱ्याचा अर्थ दिलाय ‘छेदनपूरणयोः’, म्हणजे तोडणं आणि भरणं. लाकूड तोडणारा तो वर्धकि, त्यावरून हिंदीतला बढ़ई आणि आपल्या विदर्भातला वाढई. संस्थांचा आपण थाटात साजरा करतो तो वर्धापनदिन घ्या. संस्कृत कोशांत ‘वर्धापन’ म्हणजे आधी नाळ कापण्याचा विधी, मग त्याच्या स्मरणार्थ केलेला वाढदिवस! मग नारळ ‘वाढवणं’ हे थेट छेदन का नसावं? आणि पानात ‘वाढणं’ हे पूरण का नसावं? माझं मत असं, की मराठीत ही दोन कुळं उच्चारात एकमेकांत मिसळली आणि पुढे शुभाशुभाची गोष्ट मागाहून चिकटवली गेली. शुभशब्दवाल्यांना एकच विचारतो. नारळाचं त्यांनी सांगितलं, पण पंगतीत वरण वाढताना कुठलं अशुभ टाळायचं असतं? तेव्हा मात्र ‘तो अर्थ आपोआप आला’ म्हणून हात झटकतात. आपोआप शब्दकोशात काही येत नाही.

असो, मूळ विचारणा राहूनच जायची. आणखी एक प्रयोग मला छळतो, तो ‘तिपटीने वाढ’. 2023च्या डिसेंबरात दुबईच्या हवामान परिषदेत 2030पर्यंत जगाची अक्षय ऊर्जेची क्षमता तिप्पट करायचं ठरलं, म्हणजे साधारण 11,000 गिगावॉट. आपल्याकडे ते ‘तिपटीने वाढवणार’ असं झालं. एकात तिपटीची वाढ मिळवली की चार होतात, अन् हिशेब साडेचौदा हजारांच्या आसपास जातो. ‘तिप्पट करणार’ लिहा. शब्द कमी लागतात आणि साडेतीन हजार गिगावॉटही वाचतात.