बिग ब्लाइंडमधली नव्वी-अठ्ठी

यावेळी आलेल्या पोकरच्या बहुतेक प्रश्नांत दुखणं एकच आहे: पत्ते मध्यम, बोलायचं (म्हणजे चाल ठरवायची) आपण आधी, आणि समोरचा काही केल्या थांबत नाही.

राजारामपुरीतून एक वाचक: शनिवारी आम्ही टेक्सस होल्डेम खेळतो (हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांसाठी पाच), पैसे नाहीत, नुसते चिप्स. ब्लाइंड, म्हणजे दोघांनी आधीच सक्तीने घालायचे चिप्स, १०-२० (स्मॉल आणि बिग). एक मित्र बटणावरनं, म्हणजे टेबलावर पत्ते उघडल्यावर शेवटी बोलणाऱ्या जागेवरनं, दर डावाला ५० करतोय. बिग ब्लाइंडमध्ये मी बहुतेक वेळा पत्ते टाकतो. बरोबर आहे का?

नाही, तुम्ही फार टाकताय. स्मॉल ब्लाइंडवाल्याने पत्ते टाकले की मध्ये ८० चिप्स असतात आणि तुम्हाला घालायचे असतात ३०. तीस भागिले एकशे दहा, म्हणजे शंभरात २७ वेळा जिंकलात तरी तोटा नाही. फक्त एक ध्यानात ठेवा: आधी बोलणाऱ्याला आपल्या पत्त्यांचा पुरता मोबदला कधीच मिळत नाही, कारण बऱ्याचदा शेवटापर्यंत पोचण्याआधीच त्याला सोडावं लागतं. म्हणून एका रंगाचे, लागून असलेले पत्ते धरा. बदामची नव्वी-अठ्ठी खेळा. वेगवेगळ्या रंगांची राणी-तिर्री टाका. त्याने ५० ऐवजी ६० केले तर हिशेब ३१ टक्क्यांवर जातो. तेव्हा हात आवरता घ्या.

मंगळवार पेठेतून: तीच बदामची नव्वी-अठ्ठी. फ्लॉपला, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन पत्त्यांत, इस्पिकचा राजा, किलवरची नव्वी, किलवरची चव्वी. मी चेक केलं, म्हणजे काही न लावता पुढे दिलं. समोरच्याने ११० च्या पॉटमध्ये (मध्ये जमलेल्या चिप्समध्ये) ४० लावले. हा नेहमीच थाप मारतो म्हणून मी चिडून १४० केले. त्याने कॉल केला, म्हणजे तेवढेच घातले, आणि पुढे मी अडकलो.

चूक त्या १४० मध्ये आहे. तुमच्या रेझनंतर (रक्कम वाढवल्यावर) डावात कोण थांबणार? ज्याच्याकडे राजा आहे किंवा किलवरचा चांगला ड्रॉ (पाच किलवर व्हायला एक पान कमी) आहे तो. आणि जाणार कोण? ज्याच्याकडे काहीच नाही तो, म्हणजे ज्याच्याकडून तुम्हाला चिप्स मिळणार होते नेमका तोच. नव्वीची जोडी ही थाप पकडायची जोडी आहे. ती घेऊन स्वतःच थाप मारायला निघालात तर तिचा उपयोगच संपतो.

चेक-कॉल करा. पॉट १९० होतो. टर्नला, म्हणजे टेबलावरच्या चौथ्या पत्त्याला, चौकटची दुर्री येते, तो १२० लावतो. तुम्हाला २८ टक्के हवेत. तो खरंच सारखा थापा मारत असेल तर कॉल. पॉट ४३०. रिव्हरला, म्हणजे पाचव्या आणि शेवटच्या पत्त्याला, इस्पिकची सत्ती, आणि तो ३०० लावतो. आता तोंडाकडे बघू नका, स्वतःच्या पत्त्यांकडे बघा. तुमच्याकडे किलवरचं एकही पान नाही, म्हणजे फसलेले किलवरचे ड्रॉ त्याच्याकडे असण्याला पूर्ण वाव आहे. शंभरात २९ थापा पुरतात. मी कॉल करेन. तुमची अठ्ठी किलवरची असती तर त्यातले बरेच ड्रॉ तुम्हीच अडवून बसला असता. तेव्हा त्याच जोडीने मी पत्ते टाकले असते. मला पोकरमधला हा भाग फार आवडतो: जोडी तीच, निर्णय उलटा.

हे सगळं थापा मारणाऱ्यासाठी. फ्लॉपला सगळ्यांवर लावतो पण रिव्हरला मोठं लावताना नेहमी खरे पत्ते दाखवतो, असाही खेळाडू असतो. त्याच्यापुढे रिव्हरला सोडा.

फुलेवाडीतून: मी सुरुवातीच्या जागेवरून एक्का-गुलाम, वेगळे रंग, ६० केले. बटणाने १८० केले.

टाका. १२० घालून २७० मिळवायचे हे स्वस्त वाटतं, पण तो दर एकाच फेरीचा आहे. पुढे अजून तीन फेऱ्या आहेत आणि त्या तुम्ही आधी बोलणार. शिवाय एक्का लागला तरी एक्का-राजा आणि एक्का-राणी तुमच्या पुढेच.

कागलहून एक विद्यार्थी: पैशाचं ॲप बंद झालं. आता सराव कुठे करू?

२०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, कौशल्याचे असले तरी. पळवाट शोधू नका. घरी मित्राला बसवा, चिप्सच्या जागी चिंचोके घ्या, आणि वरचा नव्वी-अठ्ठीचा डाव मुद्दाम पुन्हा पुन्हा मांडा, बाकीची पानं पिसून. तो रिव्हरला काय दाखवतो ते दरवेळी वहीत लिहा. पन्नासेक नोंदी झाल्या की वही मला पाठवा, पुढच्या वेळी त्यातलेच डाव घेऊ.