सेनहायझर एचडी ६०० ला चांदीची केबल लावली तर आवाज सुधारेल का?

नाही, मूळ केबल धड असेल तर कानाला कळेल असा फरक पडणार नाही. या हेडफोनचा इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलच्या विद्युतप्रवाहाला होणारा एकूण विरोध, ३०० ओहम आहे, आणि केबलचा रोध जेमतेम एखादा ओहम. चांदीचा रोध तांब्यापेक्षा ५-६ टक्क्यांनी कमी, म्हणजे वाचले ते ओहमचे पाच-सहा शतांश. तीनशेपुढे त्यांची काय कथा! हां, अनेक बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर (आवाज काढणारे एका प्रकारचे इवलेसे भाग) असलेल्या इअरफोनचं गणित वेगळं: त्यांतल्या काहींचा इम्पिडन्स ठरावीक फ्रिक्वेन्सींना ५-६ ओहमपर्यंत उतरतो, तिथे केबलच्या एखाद्या ओहमनेही टोन हलतो. तो हलला म्हणजे सुधारलाच असं नाही. पिनपाशी वायर हलवल्यावर खरखर येत असेल किंवा एका बाजूचा आवाज जात असेल, तर मात्र केबल बदला. साधी तांब्याची चालेल.