‘तयार’ मासळी म्हणजे शिजवलेली मासळी नव्हे

वास्कोहून एका वाचकाचे पत्र आले आहे. बंदरावर आयातीचे कागद करणाऱ्या कचेरीत ते मराठी-इंग्रजीचे काम पाहतात. टोमॅटोच्या रसातल्या तारल्यांचे डबे आणि गोठवलेली उकडलेली कोळंबी असा माल एकाच वेळी आला. सीमाशुल्काच्या इंग्रजी यादीतल्या ‘प्रिपेअर्ड ऑर प्रिझर्व्हड’ला मराठीत काय म्हणावे, कचेरीत सगळे म्हणतात तसे दोन्हींना ‘शिजवलेली मासळी’ लिहिले तर चालेल का, असा त्यांचा प्रश्न.

नाही चालणार. हे ‘शिजवलेली’ प्रकरण मी इतक्यांदा ऐकले आहे, की आता कोणी म्हटले की माझेच डोके शिजते.

सीमाशुल्काच्या यादीत मासळीची दोन घरे आहेत. ३ क्रमांकाच्या प्रकरणात जिवंत, ताजी, थंड केलेली, गोठवलेली, सुकवलेली, खारवलेली, मिठाच्या पाण्यातली आणि धुरावलेली मासळी. या यादीपलीकडे मासळीला काही केले, की ती १६ व्या प्रकरणात जाते: मासे १६०४ या नोंदीखाली, कोळंबी, खेकडे आणि तिसऱ्या (शिंपल्या) १६०५ खाली. (नोंदीचे पहिले दोन अंक प्रकरणाचे.) धुरावताना किंवा त्याआधी मासा शिजला असला तरी तो ३ मध्येच राहतो. कोळंबी कवचासकट पाण्यात उकडली किंवा वाफवली तरी ती ०३०६ मध्येच. तीच कोळंबी सोलून उकडली की १६०५. आच तीच, टोप तोच, फरक फक्त सालाचा! तिसऱ्यांचे तोंड उघडावे म्हणून नुसता गरम पाण्याचा चटका दिला, तर तेही शिजवणे धरत नाहीत. मग ‘शिजवलेली’ हा शब्द कशाला लावणार? आणि डबा हा तर निकषच नव्हे. डब्यातली प्रत्येक मासळी १६ मध्ये जाते, ही आणखी एक कचेरीतली दंतकथा.

शब्द हवा तो ‘तयार’. आता या शब्दाकडे नीट बघा, कारण खरी मजा इथे आहे.

अरबीत तैर म्हणजे पक्षी, आणि तय्यार म्हणजे उडणारा. आजच्या अरबीत विमानालाही तय्यारा म्हणतात. फारसीच्या वाटेने हा शब्द आपल्याकडे आला तो ससाणे पाळणाऱ्या शिकाऱ्यांच्या तोंडून. ससाण्याची जुनी पिसे झडतात, नवी येतात, आणि तो पुन्हा शिकारीवर सोडण्याजोगा होतो, तेव्हा तो ‘तय्यार’. तिथून सज्ज असलेले काहीही तयार. आपण ‘जेवण तयार आहे’ म्हणून हाक मारतो तेव्हा कुठेतरी एक ससाणा हातावरून झेप घेत असतो.

याला एक विरोधी पक्ष आहे. त्यांचे म्हणणे, आज उर्दूत आणि फारसीत ‘तयार’ लिहिताना ‘ते’ हे अक्षर येते, पक्ष्याच्या ‘तैर’मधले ‘तोय’ हे दुसरे ‘त’ नव्हे. आणि ‘ते’ने लिहिलेला अरबी तय्यार म्हणजे पाण्याचा लोंढा, प्रवाह. म्हणून आपला शब्द तिथला. या मंडळींनी जुन्या छापाची चार उर्दू पुस्तके उघडावीत. तिथे तोय घातलेला ‘तयार’ सहज सापडतो. अक्षर पुढे सोपे झाले, एवढेच. आणि लोंढ्यातून ‘सज्ज’ हा अर्थ निघाला कसा, हे त्यांच्यापैकी एकाने मला समजावून द्यावे. मासळीच्या चर्चेत लाट सोयीची वाटते, हे कबूल, पण सोय म्हणजे व्युत्पत्ती नव्हे.

पक्ष्याच्या बाजूने साक्ष आपलीच मराठी देते. कोकणात आणि गोव्यात ‘आंबा तयार झाला’ म्हणतात तेव्हा तो पिकलेला नसतो. तो झाडावर पुरा भरलेला, उतरवण्याजोगा असतो; पिकायला अजून अढीत जायचा असतो. गाणाऱ्याचा गळा तयार असतो. तो कोणी शिजवलेला नसतो! ‘तयार’ कृती सांगत नाही, अवस्था सांगतो: वस्तू आपल्या मूळ जागेवरून सुटली, पुढच्या कामाला लागली. माझ्या मते १६ व्या प्रकरणाचा सगळा अर्थ यात बसतो. ३ क्रमांकाच्या घरट्यातून जी मासळी उडाली, ती तयार.

घरचे उदाहरण घ्या. आमच्याकडे पावसाळ्याआधी सुकट भरून ठेवतात. तो पिशवीतला सुकट ३ मधला. जूनमधल्या एखाद्या दुपारी आई तो तव्यावर कोरडा परतते, खोबरे, कांदा, मिरची आणि चिंचेचा कोळ घालून हाताने कुस्करते, आणि त्याचे किसमूर होते. ते परदेशात भरून पाठवले, तर तिथल्या यादीत १६ मध्ये. या प्रकरणाची अटही सांगून ठेवतो: मिश्र पदार्थात मासळी वजनाने २० टक्क्यांहून जास्त हवी. आईने खोबऱ्याचा हात सैल सोडला, तर किसमुराची जात बदलू शकते.

बलचांवही तसेच, व्हिनेगर आणि मसाला पोटात घेतलेली कोळंबी. हे नाव मलयातल्या ‘बलाचान’वरून, म्हणजे कुटून आंबवलेल्या बारीक कोळंबीवरून, पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्यात उतरले. यावर लिहायला बसलो तर रात्र सरेल, म्हणून आवरतो.

आणि ते ‘क्रॅब स्टिक’ म्हणून विकतात ना, त्यात बहुधा माशाचा लगदा असतो. ती १६०४ मध्ये. नावात खेकडा आहे म्हणून १६०५ लिहू नका.

अरे हो, तुमचा प्रश्न. डब्यांवर ‘तयार केलेली वा टिकवलेली मासळी’ लिहा. कोळंबीची पेटी मात्र आधी उघडून बघा, साल आहे की नाही ते.