आवाज टायमिंग बेल्टचा की त्याच्या शेजाऱ्यांचा? वाचकांच्या शंकांना उत्तरे

उन्हाळा सुरू झाला की इंजिनाच्या आवाजाविषयी प्रश्न येऊ लागतात आणि त्यांत दरवर्षी तोच गोंधळ असतो. बॉनेटखालून कोणताही अनोळखी आवाज आला की तो टायमिंग बेल्टचा (इंजिनाच्या आतल्या भागांची गती जुळवून ठेवणाऱ्या दातेरी पट्ट्याचा), असे कोणीतरी छातीठोकपणे सांगितलेले असते. ज्याने खरोखर टायमिंग बेल्टची काळजी करावी, तो मात्र गाडीतून काहीच आवाज येत नाही म्हणून निर्धास्त असतो. म्हणून काही निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत. केवळ उत्तर वाचून आपल्या गाडीचे निदान होईल, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

प्रश्न : माझी अल्टो ८०० सकाळी सुरू करताच दोन-तीन सेकंद किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि एसी लावला की तोच आवाज पुन्हा येतो. गॅरेजमध्ये टायमिंग बेल्ट बदलण्यास सांगितले आहे. बदलावा का? (वाचक, परभणी)

या आवाजासाठी बदलू नये. टायमिंग बेल्टला आतल्या बाजूने दात असतात आणि ते पुलीच्या खाचांत बसलेले असतात, त्यामुळे तो घसरून किंचाळत नाही. किंचाळतो तो बाहेरचा पट्टा. त्याला आपल्याकडे सरसकट फॅन बेल्ट म्हणतात, मग त्या गाडीचा पंखा विजेवर चालत असला तरी. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर यांना हाच पट्टा फिरवतो. इंजिन सुरू करताना बॅटरीतून गेलेला विद्युतभार भरून काढण्यासाठी अल्टरनेटरवर ताण येतो, एसी लावल्यावर कॉम्प्रेसरचा ताण येतो आणि सैल किंवा गुळगुळीत झालेला पट्टा नेमका त्या वेळी घसरतो.

खात्री करण्याची साधी पद्धत आहे. इंजिन चालू असताना या बाहेरच्या पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर थोडेसे पाणी शिंपडले आणि आवाज क्षणभर थांबून परत आला, तर पुल्या एका रेषेत नाहीत असा तर्क करता येतो. आवाज उलट वाढला, तर पट्टा सैल आहे असे समजावे. हे काम मिस्त्रीकडूनच करवून घ्यावे, कारण फिरत्या पट्ट्याजवळ उपरणे, ओढणी किंवा सैल बाही गेली तर काय होते ते मी पाहिलेले आहे. आपल्या गाडीला टायमिंग बेल्टही आहेच. तो केव्हा बदलायचा हे मालकाच्या पुस्तिकेत पाहून ठरवावे, या आवाजावरून नव्हे.

प्रश्न : स्विफ्ट डिझेल १.३ चा टायमिंग बेल्ट किती किलोमीटरला बदलतात? (वाचक, जालना)

त्या इंजिनात बेल्ट नाही, साखळी आहे. थंड इंजिन सुरू करताना साखळीचा खडखडाट होऊन तो लवकर थांबत नसेल, तर इंजिन ऑइलची पातळी पाहून गाडी तज्ज्ञाला दाखवावी.

प्रश्न : बेल्टवर स्प्रे मारला किंवा साबण, मेण घासले की आवाज जातो असे ऐकले आहे. सुरक्षित आहे का? (वाचक, लातूर)

नाही. आवाज दबतो, दोष राहतो आणि स्प्रेचा डबा तेवढा खपतो. टायमिंग बेल्टचे कव्हर उघडून आत काही मारणे हा तर शुद्ध अविचार आहे, कारण तेलकट पदार्थाने रबर फुगते आणि मऊ पडते.

प्रश्न : पंधरा दिवसांपूर्वी टायमिंग बेल्ट बदलला. तेव्हापासून ‘घूंऽऽ’ असा बारीक आवाज येतो आणि इंजिनाचा वेग वाढवला की तोही चढत जातो. मिस्त्री म्हणतात, बेल्ट नवा आहे, बसला की आवाज जाईल. (वाचक, गेवराई)

नवा बेल्ट बसायला वेळ लागतो ही ऐकीव गोष्ट आहे. वेगाबरोबर चढणारा असा सूर बहुधा बेल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला गेल्याची खूण असते. जास्त ताणामुळे टेन्शनर (बेल्टला ताण देणारे चाक), आयडलर (बेल्टला वाट दाखवणारे चाक) आणि जिथे वॉटर पंप याच बेल्टवर चालतो तिथे पंपाच्याही बेअरिंगवर सतत भार राहतो आणि ती वेळेआधी जातात. बेल्ट सैल राहिला असता, तर कव्हरच्या आतून फटफट असा आवाज आला असता आणि दात चुकण्याची भीती राहिली असती.

ताण अंगठ्याने दाबून ठरवायचा नसतो. टेन्शनरवर खूण असेल तर ती खुणेशी जुळवावी लागते. त्यानंतर पान्ह्याने हातानेच क्रँकच्या (पिस्टनांनी फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पूर्ण दोन फेऱ्या देऊन टायमिंगच्या सर्व खुणा पुन्हा जुळतात की नाही, हे पाहावे लागते. हे केले होते का, असे त्या मिस्त्रींना विचारावे. उत्तर देताना ते चिडले तर दुसऱ्या माहितगाराकडे जावे. मात्र आणखी पंधरा दिवस वाट पाहू नये.

प्रश्न : माझी डस्टर १.५ डिझेल सात वर्षांची असून ९२ हजार किलोमीटर चालली आहे. इंजिनाच्या एका बाजूने घरघर येते. मिस्त्रींनी कव्हर उघडून पाहिले आणि बेल्टला एकही चीर नाही असे सांगितले. हवे तर फक्त बेल्ट बदलू, वॉटर पंप चालतो आहे तोवर त्याला हात लावू नये, असे त्यांचे मत आहे. रेडिएटरमध्ये मी घरच्या बोअरचेच पाणी टाकतो, आजवर काही बिघडलेले नाही. (वाचक, उदगीर)

‘आजवर काही बिघडलेले नाही’ हे वाक्य मला इतक्या वेळा ऐकावे लागते की या प्रश्नाला सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

टायमिंग बेल्ट क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टपर्यंत, म्हणजे झडपा (व्हॉल्व्ह) उघडणाऱ्या दांड्यापर्यंत नेतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमची एक फेरी, हे प्रमाण एका दातानेही चुकता कामा नये. इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर चालते तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १००० वेळा उघडतो आणि मिटतो. डिझेल इंजिनात पिस्टन अगदी वर आल्यावर त्याच्या आणि हेडच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) मध्ये फारच थोडी जागा उरते. त्यामुळे बेल्ट तुटला किंवा त्याचे काही दात सोलून निघाले, तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावे लागते. तो खर्च वेळेवर केलेल्या कामाच्या कितीतरी पट असतो.

बेल्टला चीर नाही, हे मिस्त्रींनी खरेच सांगितले असेल. पण त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. अलीकडच्या बेल्टांचे रबर असे असते की आतले काचतंतू थकले आणि दातांची मुळे कमकुवत झाली तरी वरून बेल्ट नवा दिसू शकतो. असा बेल्ट तुटण्याआधी आवाज करीलच असे नाही. म्हणूनच उत्पादक किलोमीटर आणि वर्षे अशा दोन्ही मर्यादा देतात आणि त्यांतील जी आधी पूर्ण होईल ती धरायची असते. धूळ, उष्णता आणि खडतर वापर यांसाठी बहुतेक पुस्तिकांत वेगळी, कमी मुदत छापलेली असते. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, गळीत हंगामात काळ्या मातीच्या धुळीतून गाड्या धावतात आणि समृद्धी महामार्गावर भर दुपारी तासन्‌तास एकाच वेगाने इंजिन तापत ठेवले जाते. तरीही आपण सौम्य वापराचा रकाना वाचून समाधान मानतो. पुण्याला नोकरी असलेल्यांची जी गाडी वर्षभर गावच्या वाड्यात उभी असते, तिच्या बेल्टचीही वर्षे मोजली जातातच.

आता घरघरीविषयी. कोरडे जाते फिरवल्यासारखा हा आवाज सहसा बेल्टचा नसतो. बेल्ट ज्या चाकांवरून जातो त्यांच्या बेअरिंगचा असतो, म्हणजे टेन्शनर, आयडलर आणि आपल्या इंजिनात वॉटर पंपसुद्धा, कारण या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवरच चालतो. नेमके कोणते बेअरिंग, हे शोधण्याची रीत ठरलेली आहे. थंड इंजिनावरून बाहेरचा पट्टा उतरवून इंजिन केवळ काही सेकंद चालवायचे. आवाज गेला तर दोष अल्टरनेटर किंवा कॉम्प्रेसरच्या बाजूला आहे. राहिला तर तो बहुधा टायमिंगच्या बाजूला आहे. त्यानंतर स्टेथोस्कोपने प्रत्येक भागाचा आवाज वेगवेगळा ऐकायचा. अंदाजाने एकेक भाग बदलत जाणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशावर केलेला अभ्यास होय.

फक्त बेल्ट बदलण्याच्या सल्ल्याला माझा सक्त विरोध आहे. मजुरीचा मोठा भाग इंजिनाला आधार देऊन कव्हरपर्यंत पोहोचण्याचा असतो आणि ती मजुरी एकदाच द्यायची की दोनदा, एवढाच प्रश्न आहे. जुने बेअरिंग जॅम झाले की त्यावरून फिरणारा नवा बेल्टही दात सोलून घेतो किंवा जळतो. बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप हे सर्व एकाच वेळी बदलावे आणि क्रँक किंवा कॅमचे ऑइल सील झिरपत असेल तर तेही बदलावे, कारण त्या तेलाने नवा बेल्ट महिन्यांत खराब होतो.

बोअरच्या पाण्याविषयी मी प्रत्येक वेळी लिहितो आणि लिहीत राहीन. आपल्याकडे बेसाल्टच्या खडकातून वर येणारे बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उष्णतेने रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत बसतात, त्यांचे कण वॉटर पंपाच्या सीलवर घासतात आणि कूलंटमधील गंजरोधक द्रव्य नसल्याने आतून गंज सुरू होतो. सील गळू लागले की पाणी पंपाच्या बेअरिंगपर्यंत जाते, बेअरिंग घरघरू लागते आणि तेच बेअरिंग टायमिंग बेल्टच्या वाटेवर असते. घरच्या चहाच्या भांड्याला बसलेला पांढरा थर रोज पाहणाऱ्या माणसाने तेच पाणी इंजिनात ओतावे, याचे मला नवल वाटते. उत्पादकाने सांगितलेल्या प्रकारचे कूलंट, सांगितलेल्या प्रमाणात, शुद्ध केलेल्या पाण्यात मिसळूनच वापरावे. तयार मिश्रण मिळते, ते घेतले तर प्रमाणाची भानगडही राहत नाही.

शेवटी गॅरेजविषयी दोन शब्द. या इंजिनाचा क्रँक आणि कॅम जागेवर धरून ठेवणाऱ्या पिना ज्याच्याकडे आहेत, त्याच्याकडेच हे काम द्यावे. पांढऱ्या रंगाची खूण करून बेल्ट बदलणारे पुष्कळ आहेत. घरघर ऐकून कोणी इंजिन डिकार्बनायझिंगचे (आतली काजळी काढण्याचे) पॅकेज सुचवले तर नम्रपणे नकार द्यावा, कारण त्याचा बेअरिंगशी काडीचाही संबंध नाही. हुबेहूब खोक्यात नकली किट (बेल्ट आणि त्याच्या चाकांचे संच) मिळतात, म्हणून पक्के बिल, भागांचे क्रमांक, काम केल्याचे किलोमीटर आणि काढलेले जुने भाग मागून घ्यावेत. आवाज असताना गाडी चालवत नेण्यापूर्वी तज्ज्ञाला विचारावे. ती टो करून न्यावी असे तो म्हणाला तर वाद घालू नये.

प्रश्न : आवाजाची ध्वनिफीत मोबाईलवर पाठवत आहे. टिकटिक टायमिंग बेल्टची आहे का ते कळवावे. (वाचक, नांदेड)

ध्वनिफितीवरून मी निदान करीत नाही. टिकटिक इंजिनाच्या फेऱ्यांच्या निम्म्या गतीने होत असेल तर ती कॅमच्या बाजूची, म्हणजे टॅपेटची (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या भागाची) असू शकते. सायलेन्सरच्या मुखाशी गॅसकेट फुटले तरी तसाच आवाज येतो. गाडी प्रत्यक्ष दाखवावी.

प्रश्न : आमची इनोव्हा २.५ डिझेल धावता धावता एकदम बंद पडली. आता सेल्फ नेहमीपेक्षा हलका आणि वेगाने फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही. चालक म्हणतो, उतारावर धक्का देऊन पाहू. (वाचक, हिंगोली)

धक्का देऊ नये आणि सेल्फही पुन्हा मारू नये. या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. बंद पडण्याआधी आवाज झाला असो वा नसो, हलका फिरणारा सेल्फ हे बेल्ट तुटल्याचे ठळक लक्षण आहे, कारण व्हॉल्व्ह हलत नसल्याने किंवा वाकून उघडे राहिल्याने पिस्टनला नेहमीचा दाब सापडत नाही. आतापर्यंत एक-दोनच व्हॉल्व्ह वाकले असतील, तर धक्क्याने उरलेलेही वाकतील. गाडी टो करून न्यावी, कव्हर उघडून बेल्ट आधी पाहण्यास सांगावे आणि नवा बेल्ट चढवून ‘चालते का बघू’ असे म्हणणाऱ्याला आधी सिलिंडरचा दाब (कॉम्प्रेशन) किंवा त्यातली गळती (लिकेज) तपासायला लावावे. बसचालक, ट्रॅक्टरचालक यांची ही धक्क्याची सवय जुन्या, गिअरवर चालणाऱ्या टायमिंगच्या इंजिनांना खपत असे. बेल्टच्या इंजिनाला ती महागात पडते. प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांत किलोमीटर झपाट्याने भरतात, म्हणून त्यांच्या मालकांनी बेल्टची नोंद डायरीत ठेवावी, चालकाच्या आठवणीत नव्हे.

प्रश्न : जुनी सँट्रो विकत घेतली आहे. आधीचे मालक बेल्ट ‘नुकताच बदलला’ असे सांगतात, बिल नाही. (वाचक, माजलगाव)

बिल नाही, म्हणजे बदललेला नाही असेच धरावे आणि किटसह बदलून घ्यावा.

प्रश्न : गाडीतून चार दिवसांपासून घरघर येते. येत्या रविवारी लग्नासाठी आठ माणसांना घेऊन अंबाजोगाईहून पुण्याला जायचे आहे. परत आल्यावर काम केले तर चालेल का? (वाचक, अंबाजोगाई)

नाही. गाडी उद्याच तपासून घ्यावी, आणि रविवारपर्यंत काम झाले नाही तर एसटीने जावे.