कॉम्प्युटरच्या कस्टम वॉटर कूलिंगमध्ये पाणी हळू फिरतंय, मोठा पंप घेऊ का?

नका घेऊ, निदान आज तरी. तुम्ही लिहिलंय की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एकाच लूपवर (पाणी फिरायच्या एकाच वर्तुळावर) आहेत, वर्षभर सगळं ठीक चाललं आणि आता रेझर्व्हायरमधली, म्हणजे पाण्याच्या टाकीतली, धार मंदावलीय. वर्षभर पुरलेला पंप एकाएकी लहान कसा होईल?

आमची तासगावजवळ द्राक्षबाग आहे. ठिबकच्या शेवटच्या झाडाला पाणी कमी पडलं म्हणून कोणी मोटार बदलत नाही. आधी फिल्टर उघडतात, मग मोटारीनं हवा धरलीय का बघतात. इथंही तेच.

पण त्याआधी मोजा. एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या) २४ पिनच्या कनेक्टरला जंपर, म्हणजे मदरबोर्डशिवाय तो चालू करणारी जोडपिन, लावून फक्त पंप चालू ठेवा, बाकी सगळ्याची वीज काढा. रेझर्व्हायरमध्ये परत येणारी नळी सोडवून तिचं तोंड त्याच उंचीवर धरा आणि लिटरची बाटली किती सेकंदांत भरते ते बघा. वरून डिस्टिल्ड वॉटर ओतत राहायला दुसरा माणूस हवाच, हे पंप कोरडे फिरले की बाद होतात. १५ ते २० सेकंद लागले तर मिनिटाला तीन-चार लिटर, म्हणजे भरपूर. ३० सेकंदही चालतात. मग कॉम्प्युटर तापत असेल तर कारण धुळीत, पंख्यात किंवा थर्मल पेस्टमध्ये (प्रोसेसर आणि ब्लॉकमधल्या लेपात) शोधा.

मला ४० सेकंद लागले होते. प्रोसेसरचा ब्लॉक, म्हणजे त्याच्यावर बसणारा आणि आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा, उघडला तर तांब्याच्या पात्यांमध्ये पांढरट चिकट गाळ. या पात्यांमधली फट मिलिमीटरहून कमी असते, त्यामुळे लूपचा फिल्टर म्हणजे हा ब्लॉकच. गाळ आला होता माझ्या स्वस्तातल्या मऊ पारदर्शक नळीतून, त्यातलं प्लास्टिसायझर (नळी मऊ ठेवणारं रसायन) हळूहळू पाण्यात उतरतं. जुना टूथब्रश, कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, शेवटी डिस्टिल्ड वॉटर. परत जोडल्यावर बाटली १८ सेकंदांत भरली. नळी मात्र बदलली, आता काळी ईपीडीएम रबराची आहे. दिसायला सायकलच्या ट्यूबसारखी, पण गाळ नाही.

ठिबकला ॲसिड सोडतो तसं इथं सोडायचं डोकं लावू नका, ब्लॉकवर निकेलचा मुलामा असेल तर तो जाईल. बोअरचं पाणी तर नकोच. आणि ब्लॉक तांब्याचा असताना रेडिएटर ॲल्युमिनियमचा नाही ना, तेवढं तपासा. हे दोन धातू एका पाण्यात आले की ॲल्युमिनियम गंजून झिजायला लागतं.

ब्लॉक स्वच्छ निघाला तर लूपमध्ये हवा अडकलीय का बघा. गुळगुळ आवाज येत असेल तर झाकण उघडं ठेवून कॅबिनेट पुढं-मागं, दोन्ही कुशींवर कलतं करा आणि पंपाचा वेग कमी-जास्त करत राहा. पंप रेझर्व्हायरच्या खाली असला तर निम्मा त्रास तिथंच संपतो. काटकोनी एल्बो एक-दोन असतील तर राहू द्या, आठ-दहा असतील तर काही काढून नळीलाच गोल वळण द्या.

‘आधी रेडिएटर की आधी प्रोसेसर’ हा तुमचा दुसरा प्रश्न सोडून द्या. ३०० वॅट उष्णता आणि मिनिटाला ४ लिटर पाणी असेल तर अख्ख्या फेरीत पाणी जेमतेम १ अंशानं तापतं. १ लिटर असेल तर चार अंशांच्या वर. म्हणजे एकवरून चारवर जाण्यात फायदा आहे, चारवरून आठवर जाण्यात फक्त पंपाचा आवाज वाढेल. आणि सांगलीच्या एप्रिलमध्ये खोलीच ३८ अंशांवर असेल, तर कुठलाही पंप पाणी त्याच्या खाली नेणार नाही.

एवढं करूनही ४० सेकंदच आले, तर दुसरा पंप पहिल्याच्या पुढं, त्याच लाइनीत जोडा. शेजारी समांतर लावून दाब वाढत नाही. पण त्याआधी बाटलीचे सेकंद इथं लिहा, आणि ब्लॉकवर ‘इन’ लिहिलेल्या तोंडालाच पंपाकडची नळी आहे का तेही बघा.