नसबंदी झाली, तरी खंड्या घरात खुणा करतो

प्रश्न : आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. कायमचे घर मिळेपर्यंत सांभाळण्यासाठी एका संस्थेकडून आम्ही सुमारे चार वर्षांचा नर कुत्रा आणला आहे. त्याचे नाव आम्ही खंड्या ठेवले. तीन आठवड्यांपूर्वी त्याची नसबंदी झाली आणि बारा दिवसांपासून तो आमच्याकडे आहे. स्वभावाने गरीब आहे, दिवसातून तीनदा फिरायलाही जातो. परंतु घरात आल्यावर सोफ्याचा पाय, बाल्कनीच्या दाराची चौकट आणि तांदळाची कोठी यांवर पाय वर करून थोडी थोडी लघवी करतो. गेल्या आठवड्यात त्याने तुळशीच्या कुंडीवरही केली, तेव्हापासून सासूबाई त्याला परत पाठवा म्हणतात. ओरडून झाले, रोज फिनेलने पुसून झाले. नसबंदीनंतर ही सवय आपोआप जाते असे ऐकले होते, ते खोटे आहे का?

उत्तर : ते अर्धे खरे आहे. शस्त्रक्रियेनंतर नराच्या शरीरातील संप्रेरकाची पातळी फार लवकर खाली येते, परंतु त्या संप्रेरकाच्या जोरावर चार वर्षे गिरवलेली सवय तितक्या लवकर पुसली जात नाही. अमेरिकेतील पशुवैद्यकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, दोन वर्षांहून मोठ्या वयात नसबंदी झालेल्या ५७ नरांची पाहणी केली होती. खुणा करणाऱ्यांपैकी, म्हणजे आपला वास मागे ठेवण्यासाठी वस्तूंवर थोडी थोडी लघवी करणाऱ्यांपैकी, निम्म्याहून अधिक कुत्र्यांत हे वर्तन निदान अर्ध्यावर आले, मात्र ते जवळजवळ थांबले असे कुत्रे त्यापेक्षा बरेच कमी होते. कुत्र्याचे वय किती होते किंवा सवय किती जुनी होती, यावरून सुधारणेचा अंदाज बांधता आला नाही, ही आपल्या दृष्टीने त्यातली दिलाशाची बाब आहे. तीन आठवडे म्हणजे काहीच नाही. दोन-तीन महिने धरून चालावे आणि त्या काळात घरात नवी खूण होऊ न देण्याचे काम आपणच करावे.

तत्पूर्वी एक तपासणी उरकून घ्यावी. आपण लिहिलेले वर्णन, म्हणजे उभ्या वस्तू, वर केलेला पाय आणि थोडीशी लघवी, खुणांचेच आहे. तरीही मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा मूतखडा असलेला कुत्रासुद्धा थोडी थोडी लघवी वारंवार करतो. सकाळच्या पहिल्या फेरीत स्वच्छ, पसरट डबी पुढे धरून नमुना घ्यावा आणि शक्य तितक्या लवकर पशुवैद्यांकडे पोहोचवावा. त्याच भेटीत लेप्टोस्पायरोसिसची लस दिली आहे का, हेही विचारून घ्यावे. हा रोग बाधित प्राण्याच्या लघवीतून माणसालाही होऊ शकतो, म्हणून पुसताना हातमोजे घालण्याची सवय पावसाळ्यात तरी सोडू नये.

आता फिनेलविषयी. आपल्याकडे फरशी फिनेलने पुसली की ती स्वच्छ झाली, असा पिढ्यानुपिढ्यांचा विश्वास आहे, पण फिनेल लघवीचा वास झाकते, काढत नाही. आपल्या नाकाला झाकलेला वास कुत्र्याच्या नाकाला झाकला जात नाही. सोफ्याच्या पायाशी त्याला कालचा निरोप वाचता येतो आणि तो आज त्याच ठिकाणी पुन्हा लिहितो. पाळीव प्राण्यांच्या दुकानात लघवीचे डाग काढण्यासाठी एन्झाइम असलेले द्रावण मिळते, ते आणावे. आधी जुन्या फडक्याने ओल टिपून घ्यावी, मग द्रावण भरपूर ओतून बाटलीवर लिहिलेला वेळ तसेच राहू द्यावे आणि आपोआप वाळू द्यावे. अमोनिया असलेले क्लीनर टाळावेत, कारण त्यांचा वास लघवीच्या वासाच्या जवळ जातो. ब्लीचही लघवीवर ओतू नये, त्यातून घातक वायू निघतो. जुने डाग शोधण्यासाठी रात्री दिवे घालवून अतिनील टॉर्च फिरवावा; बहुतेक घरांत सोफ्याच्या मागच्या बाजूला अपेक्षेपेक्षा जास्त डाग सापडतात.

स्वच्छता झाली की पाळत. पुढचे चार आठवडे खंड्याला संपूर्ण घर मोकळे देऊ नये. आपण घरात वावरत असताना त्याचा दोर आपल्या कमरेला बांधावा. स्वयंपाक किंवा ऑफिसची मीटिंग यांमुळे लक्ष ठेवणे शक्य नसेल, तेव्हा त्याच्या अंथरुणासह त्याला एकाच खोलीत ठेवावे. कोपरा हुंगत तो वस्तूला कड देऊन उभा राहू लागला की नावाने हाक मारून, टाळी वाजवून त्याचे लक्ष मोडावे आणि लगेच खाली न्यावे. ओरडणे, वर्तमानपत्राची गुंडाळी दाखवणे किंवा नाक लघवीत घासणे यांतून तो एवढेच शिकतो, की ही माणसे जवळ असताना लघवी करणे धोक्याचे आहे. असा कुत्रा मग सोफ्यामागे जाऊन करतो आणि बाहेर आपल्यासमोर करायलाही कचरतो. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल तर अवाक्षर काढू नये.

दिवसातून तीन फेऱ्या पुरेशा वाटतात, पण सध्या पाच कराव्यात, त्यातल्या दोन अगदी लहान असल्या तरी चालतील. फेरीत त्याला मनसोक्त हुंगू द्यावे. अनेक जण प्रत्येक खांबापाशी कुत्र्याला ओढून पुढे नेतात, वेळ वाचवतात आणि त्याचे उरलेले काम घरी आणतात. त्याने बाहेर लघवी केली की तिथल्या तिथे, दोन सेकंदांच्या आत, उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा द्यावा; घरी पोहोचल्यावर दिलेल्या खाऊचा संबंध त्याला लागत नाही.

आपण सांगितलेल्या जागांकडेही नीट पाहावे. बाल्कनीच्या दारातून त्याला फाटकावरची कुत्री दिसत असतील, तर चौकटीवरच्या खुणा हे त्यांना दिलेले उत्तर आहे. काचेचा खालचा भाग कागदाने झाकावा. पाहुण्यांच्या चपला आणि पिशव्या बाहेरचे वास घेऊन येतात, त्या कपाटात ठेवाव्यात आणि पाहुणे असेपर्यंत त्याला दोरावर ठेवावे. स्वच्छ केलेल्या सोफ्याच्या पायाशी त्याचे जेवणाचे ताट मांडावे. जेवायच्या जागी कुत्रे सहसा खूण करत नाहीत. तांदळाची कोठी उचलून स्वयंपाकघराचे दार लावावे, एवढे पुरे.

सासूबाईंचा राग मी अवाजवी मानत नाही. तुळशीची कुंडी धुऊन उंच स्टँडवर किंवा खिडकीच्या कठड्यावर ठेवावी आणि तिची पूजा अबाधित राहील, हे त्यांना कृतीतून दिसू द्यावे. त्यांच्याच हातून दिवसातून एकदा खंड्याला खाऊ मिळाला, तर दोघांचाही फायदा आहे.

पोटाला बांधायचे पट्टे बाजारात मिळतात. त्यांनी सोफा वाचतो, सवय जात नाही. वापरलाच तर आतला पॅड ओला होताच बदलावा, नाहीतर कातडीवर पुरळ येते, आणि बाहेर नेताना पट्टा काढावा. एकटे सोडल्यावर तो धापा टाकत येरझाऱ्या घालत असेल, दार ओरबाडत असेल, तर मूळ कारण भीती आहे, आणि त्यासाठी पशुवैद्यांशी औषधांबद्दल बोलणे गरजेचे आहे.

एका वहीत रोज वेळ, जागा आणि आधी काय घडले ते लिहावे. सलग दोन आठवडे पान कोरे राहिले की आणखी एक खोली उघडावी, खूण झाली तर पुन्हा बंद करावी.

ही वही आपल्याला आणखी एका कारणासाठी लागेल. खंड्या आपल्याकडे जे शिकेल ते आपल्या घराविषयी शिकेल. दत्तक घेणाऱ्यांच्या घरात अनोळखी वास असतील आणि पहिल्या काही दिवसांत तो तिथे बहुधा पुन्हा पाय वर करील. ही गोष्ट लपवून दिलेला कुत्रा परत येण्याची भीती असते. म्हणून संस्थेला आताच कळवावे आणि जाताना त्याच्यासोबत न धुतलेली चादर, उरलेले द्रावण आणि वहीची प्रत द्यावी. नव्या घरी पहिल्या दिवशी त्याला आधी खाली अर्धा तास फिरवावे, मगच दोर हातात धरून एकेक खोली दाखवावी, हे त्या कुटुंबाला तोंडी न सांगता कागदावर लिहून द्यावे.