नैराश्याचे गुण कसे मोजतात?

प्रश्न : नैराश्यावरील औषधाच्या चाचणीत रुग्णांचे ‘गुण निम्म्याने घटले’ असे वाचले. हे गुण कशाचे?

उत्तर : बहुधा ते मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या मापनश्रेणीचे असतात. डॉक्टर रुग्णाशी बोलून १७ बाबींवर गुण देतात. कमाल बेरीज ५२ होते; रुग्णाची सुरुवातीची बेरीज निम्म्याने उतरली तर संशोधक ‘प्रतिसाद’ मानतात आणि ७ किंवा त्याखाली आली तर ‘लक्षणमुक्ती’. मात्र यांतील ३ बाबी, म्हणजे तब्बल ६ गुण, केवळ झोपेचे आहेत; त्यामुळे गुंगी आणणाऱ्या औषधाने, मनाची उदासी तशीच राहूनही, बेरीज घटू शकते. मला ही उणीव गंभीर वाटते. १९७९ ची माँटगोमेरी-आसबर्ग श्रेणी १० बाबींची असून उपचाराने होणारा बदल टिपण्यासाठीच ती घडवलेली आहे.